फ्लेक्सवरची इंजिनिअर

माझा चेहरा मी एवढा मोठा पहिल्यांदा पाहिला तो सोलापूरच्या मार्केट यार्डासमोर. हैदराबादची बस तिथं थांबते. सकाळची वेळ होती, कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती आणि त्या गाड्यांच्या वर, चौकातल्या लोखंडी सांगाड्यावर, मी उभी होते. पिवळं जाकीट, डोक्यावर टोपी, एक हात विमानाच्या इंजिनावर. माझ्या खांद्यामागून एक विमान आभाळात झेपावत होतं. ते विमान मूळ फोटोत नव्हतं. आभाळही नव्हतं, तिथं आमच्या हँगरचा पत्रा होता.

फोटोखाली लिहिलं होतं : 'सोलापूरची कन्या आज विमानं दुरुस्त करते! उद्या तुमचीही करेल! विमान दुरुस्ती डिप्लोमा. नोकरीची शंभर टक्के हमी. प्रवेश सुरू.'

मी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मान वळवून फ्लेक्सकडं पाहिलं आणि विचारलं, "बाई, वो फोटू तुमाराच है ना?"

"नाही," मी म्हटलं आणि ओढणी तोंडावर ओढून घेतली. ऊन लागतंय असं दाखवायला.

मी विमानांच्या दुरुस्तीच्या कामात आहे. हैदराबादला, विमानतळाला लागून असलेल्या एका हँगरमध्ये. ठरावीक तास उडालं की विमान आमच्याकडं येतं. आम्ही त्याच्या खुर्च्या काढतो, जमिनीचे पत्रे काढतो, आत शिरतो, गंज शोधतो, चिरा शोधतो, बदलायचं ते बदलतो आणि पुन्हा जोडतो. शेवटी माझ्यासारखा परवानाधारक इंजिनिअर सही करतो, आणि मगच ते विमान माणसं घेऊन वर जातं. आमच्यात एकच धडा पहिल्या दिवसापासून शिकवतात : जे स्वतः पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. मग समोर साहेब असो, नाहीतर विमानाची वाट बघत बसलेली सगळी कंपनी असो.

तो फोटो मीच आईला फोनवर पाठवला होता. फोटोत माझ्या बाजूला एक सहकारी होता, त्याला कापून टाकलं होतं. आणि ते इंजिन ज्या विमानाचं होतं, त्याच्या दुसऱ्या पंखाखाली इंजिनच नव्हतं. दुरुस्तीला गेलेली इंजिनं परत येत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून जगभर कितीतरी विमानं अशी नुसती उभी आहेत. पंखाचा तोल राहावा म्हणून त्या बाजूला आम्ही वजनं टांगली होती. लोकांना उडण्याची स्वप्नं दाखवणारा तो फोटो एका अडकून पडलेल्या विमानाचा होता.

घरी पोचले तर आई दारातच उभी.

"बघितलीस का? कुठला बघितलीस, यार्डापाशचा का सात रस्त्याचा?"

"दोन आहेत?"

"दोन काय! विजापूर रोडला बी हाय म्हणं. मी न्हाई बघितला अजून." तिचा चेहरा असा फुलला होता की मला पुढं बोलताच येईना.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. बाळंतिणींच्या वॉर्डात तिचं अख्खं आयुष्य गेलं. वडील लवकर गेले. आईनं फरशा पुसल्या, रक्तानं भरलेल्या चादरी उचलल्या, डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि मला शिकवलं. सोलापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी विमानाचं शिकायला बाहेर जाते म्हणाले, तेव्हा गल्लीत एकजण तिला म्हणाला होता, "पोरगीला पाना धरायला पाठवायलीस व्हय?" आता तीच गल्ली तिला 'विमानवालीची आई' म्हणते. होटगी रोडच्या विमानतळावरून सेवा सुरू झाल्यापासून तर विमानाचा आवाज आला की ती गच्चीवर जाते आणि शेजारणींना सांगते, "ही असली मोठमोठी माझी पोरगी उघडून ठेवते."

टीव्हीशेजारी काचेची एक ट्रॉफी होती. तिच्यावर 'आदर्श माता' असं कोरलं होतं.

"त्या विमानाच्या क्लासचे सर स्वतः आले होते घरी," आई सांगू लागली. "तुझा फोटू मागून नेले. शाल, नारळ, हे. मला गाडीत बसवून त्यांच्या हापिसात नेले. खुर्चीवर बसवले गं स्टेजवर, मधल्या. म्हणले, आई, तुमी दोन शब्द बोला. मग मी बोलले की. पोरींना शिकवा म्हणलं. विहारात बी बोलले, वंदना झाल्यावर. आपल्यातल्या दोन पोरी गेल्या, आणि त्या टेम्पोवाल्याची पोरगी गेली. तिच्या बापाला तर मी घरी जाऊन सांगितलं. ती पोरगी माझ्या हातावर झालीय, वॉर्डात. पहिला आवाज मी ऐकलाय तिचा."

मी विचारलं, "आई, त्या इन्स्टिट्यूटला मान्यता आहे का, विचारलंस?"

ती म्हणाली, "एवढं मोठं हापिस हाय, एसी हाय. मान्यता नसंल व्हय?"

दुपारी मी एकटीच तिथं गेले. जुळे सोलापुरात एका मोटरसायकलच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर ते होतं. काचेचं दार, आत खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेल्या पांढऱ्या शर्टातली पोरं-पोरी. मला पाहून त्या पोरांत कुजबुज झाली आणि सगळी उभी राहिली. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

संचालक पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवली. भंगारातून आणलेल्या विमानाच्या तीन खुर्च्या एका ओळीत. स्कूटरचं एक इंजिन, कापून, निळा रंग दिलेलं. भिंतीवर जेट इंजिनाचं चित्र, आणि त्यातला एक भाग चुकीच्या नावाचा.

"सर, केंद्राच्या हवाई वाहतूक खात्याची मान्यता?"

"प्रक्रियेत आहे मॅडम."

"अर्ज केलाय?"

"करतोय." ते हसले. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं? मी आधी मोबाईल रिपेअरिंगचे क्लास चालवले. मग कॉम्प्युटर, मग ॲनिमेशन. आपण ट्रेंड बघून कोर्स काढतो. आता ट्रेंड विमानाचा आहे. गावात विमान उतरायला लागलं, पेपरात रोज येतं की इतकी नवी विमानं येणार, इतके इंजिनिअर लागणार. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. पूर्वी आपल्याकडची विमानं मोठ्या तपासणीला परदेशात जायची. आता हँगर इथं उभी राहतायत, इंजिनवाल्या परदेशी कंपन्या इथं कारखाने काढतायत, आणि आमच्याकडं माणसं पुरत नाहीत. लाट खरी होती. तिच्यावर त्यांनी सोडलेली नाव तेवढी कागदाची होती. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलेल्या पोराला परवान्याच्या वाटेवर ते शिक्षण कामाला येत नाही. ते दिवस तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. फ्लेक्स उतरवा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उतरवतो की. पण उद्या आपला कार्यक्रम आहे. पालक येणार आहेत. तुमच्या आईंनी तुमच्या वतीनं होकार दिलाय. आईंचाही सत्कार आहे. तुम्ही नाही आलात तर..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी येते म्हणून सांगितलं. मनात पक्कं केलं होतं की उद्या स्टेजवरूनच, सगळ्या पालकांसमोर खरं सांगायचं. परत येताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, हातात गुच्छ. तिला स्टेजवर बोलावलं, शाल घातली. टाळ्या वाजल्या तशी तिनं दोन्ही हात जोडून सगळ्या हॉलकडं एकदा वळून पाहिलं. दवाखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, 'ए आया' म्हणायचे.

मग मला माईक दिला.

मी विमानांबद्दल बोलू लागले, आणि बोलत गेले. पूर्वी परांचीवर चढून बॅटरी मारत आम्ही विमानाचं अंग तपासायचो, आता ड्रोन त्याच्याभोवती फिरतो, फोटो काढतो, आणि कुठं पोचा आलाय, कुठं वीज पडल्याचा डाग आहे, ते संगणक खुणा करून देतो, हे सांगितलं. विमान आभाळात असतानाच त्याचं इंजिन जमिनीवर निरोप पाठवतं की माझा अमुक पंप दमलाय, आणि विमान उतरायच्या आत नवा पंप तयार असतो, हेही सांगितलं. कागदांच्या चळतीऐवजी आता हातात टॅब असतो. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. संगणकानं खूण केली तरी सही माणसाचीच लागते, असं म्हणाले, आणि इथून मला खऱ्या विषयाकडं वळायचं होतं. मी आईकडं पाहिलं. ती आजूबाजूच्या बायकांकडं बघत होती, ऐकताय ना, अशा नजरेनं.

मी म्हणाले, "मेहनत करा. चांगल्या ठिकाणी शिका." आणि थांबले.

चांगल्या ठिकाणी शिका. एवढंच माझं खरं बोलणं. कुणीही कुठलाही अर्थ घ्यावा असं.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मधल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, डोक्यावर ओढणी, खांद्यावर त्या सोनेरी पट्ट्या.

"मॅडम, तुमी ह्याच इन्स्टिट्यूटच्या पहिल्या बॅचच्या ना?"

"नाही," मी म्हटलं. माईक माझ्या तोंडापासून लांब होता. कसा लांब गेला, मला कळलं नाही. हात माझाच होता.

त्याच क्षणी संचालक उठले, दुसरा माईक घेऊन म्हणाले, "मॅडम आपल्या पहिल्या बॅचच्याही आधीच्या! त्या आपल्या प्रेरणा आहेत!" हॉल हसला, टाळ्या वाजल्या. मुलगी क्षणभर उभी राहिली आणि खाली बसली. माझ्या हातात माईक होता. नीट चालू असलेला माईक. मी तो टेबलावर ठेवला.

 घरी येऊन आईनं शालीची घडी घातली, गुच्छ माठाशेजारी ठेवला, भाकरी थापायला बसली. संध्याकाळ झाली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली.

"म्हणजे हितं शिकून काय उपयोग न्हाई?"

"परवान्याला नाही."

"आणि हे तुला कालच ठाव होतं?"

"हो."

"मग मला का न्हाई बोललीस? त्या स्टेजवर मला का चढू दिलीस?"

मी म्हटलं, "तुझं तोंड बघून."

आईनं करपलेली भाकरी बाजूला काढली.  मग म्हणाली, "माझं तोंड! त्या पोरींची तोंडं न्हाई दिसली तुला?" तिनं कधी माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला असता तर बरं झालं असतं.

सकाळी आम्ही दोघी टेम्पोवाल्याच्या घरी गेलो. प्रश्न विचारणारी मुलगी तीच, हे मला दारातच कळलं. तिनं आम्हाला पाणी दिलं. तिचे वडील नुकतेच टेंभुर्णीहून माल उतरवून आले होते, अंगावर धुळीचा शर्ट तसाच. आईनं खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. तिला शब्द सापडेनात तेव्हा मी सांगितलं.

ते ओरडले नाहीत. आईकडं बघून म्हणाले, "मावशी, मी तर तुमी सांगितलं म्हणून पाठवलो."

"व्हय बाबा," आई म्हणाली.

"मला काय समजतंय इमानातलं? तुमची पोरगी फोटोत होती."

मी म्हटलं, "तो फोटो मला न विचारता लावलाय, भाई."

"पण काल तुमी स्टेजवर होतात की, ताई. ते तर विचारून होतं ना?"

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं तेव्हा तुमी 'नाही' म्हणालात. मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, आता पुढचं बोलतील."

 चहा आला. नको म्हणायचं धैर्य नव्हतं. मी तो गरम-गरमच प्यायले, जीभ भाजली.

वडील मुलीकडं वळले. "बस झालं. उद्यापासून जायचं नाही. घरी बस." मुलीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या फोटोनं गेले काही महिने तिच्यासाठी एक खोटं दार उघडं ठेवलं होतं, आणि आता खऱ्याच्या नावाखाली मी तेही बंद करून चालले होते. खोटं असो, पण त्या दारातून ती रोज घराबाहेर पडत होती. हे मला तिच्या नजरेतून कळलं, आधी सुचलंच नव्हतं.

त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आईनं माईक मागितला. मीही शेजारी उभी राहिले. ती म्हणाली, "मागं मी हितं जे सांगितलं ते चुकीचं होतं. मला माहिती न्हवती. माझ्या शब्दावर कुणी पोर पाठवली असंल त्यांनी मला माफ करा आणि पोरीला काढून घ्या." मी मान्यतेचं सगळं समजावून सांगितलं, खऱ्या वाटा कुठल्या तेही.  बाहेर चपला घालताना मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "स्वतःची पोरगी वर चढली, आता शिडी काढायलेत." आईनं ऐकलं. ती वळली नाही. चपलेचा पट्टा लावायला तिला उगाचच वेळ लागला.

संचालकांचा फोन आला तो मी हैदराबादला परतल्यावर. मला वाटलं धमकी देतील. त्यांचा आवाज थकलेला होता. "मॅडम, तुम्ही बोलून निघून गेलात. चार पोरं सोडून गेली. ठीक आहे. पण मला एक सांगा, त्या पोरींना हैदराबादला, बंगळूरला कोण पाठवणार होतं? मी निदान गावात काहीतरी दिलं. तुम्ही काय दिलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही खोटं दिलंत." फोन ठेवला. खात्याकडं तक्रारही केली. तिचं काय झालं ते मला कळलं नाही. फ्लेक्सवरून माझा चेहरा गेला, आणि तिथं कुठल्यातरी गोऱ्या वैमानिकाचा आला, असं आईनं सांगितलं. पण संचालकांचा शेवटचा प्रश्न डोक्यातून जाईना. पंखाच्या पोटात आडवी होऊन बॅटरी धरलेली असायची, आणि तो आठवायचा. मी खरं सांगितलं होतं, तेही एक दिवस उशिरा, आणि मग बस पकडून माझ्या पगाराच्या नोकरीवर परत आले होते.

पुढं आई फोनवर सांगायची. "पोरगी घरीच असते. दुपारी गच्चीवर बसते. मंगळवेढ्याचं स्थळ आलंय म्हणं." एकदा म्हणाली, "मी तिला बोलावते भाकरी खायला, येत न्हाई. पूर्वी येत होती."

पुढच्या सुट्टीत मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. ह्या वेळी माझ्याजवळ सांगायला काही होतं. हैदराबादला मान्यता असलेलं एक कॉलेज होतं, आमच्या हँगरमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाला आणायचे. मुलीचे बारावीचे विषय योग्य होते. प्रवेश परीक्षा द्यावी लागणार होती. राहायला माझी खोली होती.

"हैदराबादला?" तिचे वडील म्हणाले. "कुणाच्या भरवशावर?"

 आई म्हणाली, "माझ्या."

ते जरा हसले, पण त्या हसण्यात राग नव्हता, दुखणं होतं. "मावशी, मागच्या टायमाला बी तुमच्याच होता."

"व्हय," आई म्हणाली. "तवा मी नुसतं सांगितलं. ह्या टायमाला सोबत जाते. माझं बिऱ्हाड घेऊन. ती परत येईस्तवर मी बी परत येत न्हाई."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आईनं येताना रस्त्यात एक शब्द काढला नव्हता. तिचं घर, तिची गच्ची, विहार, शेजारणी, सगळं सोडून ती त्या वयात निघायचं म्हणत होती, आणि ते माझ्यामुळं. मुलीच्या वडिलांनी उत्तर द्यायला पंधरवडा घेतला. मग एका सकाळी आईला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "परीक्षा कधी असते?"

आता आम्ही तिघी हैदराबादला दोन खोल्यांत राहतो. आई सोलापूरच्या वॉर्डात येणाऱ्या तेलुगू विणकर बायकांकडून शिकलेलं मोडकंतोडकं तेलुगू बोलते, आणि इथले लोक तिला हसतात, तरी भाजीवाली तिला जास्तीची कोथिंबीर देते. मुलगी पहिल्या खेपेला परीक्षेत राहिली, दुसऱ्या खेपेला आत गेली. आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या वर्गाला आमच्या हँगरमध्ये आणलं होतं. ड्रोन विमानाभोवती फिरताना सगळी पोरं व्हिडिओ काढत होती. तिनं मात्र शिकवणाऱ्याला विचारलं, "ड्रोननं खूण केली न्हाई आणि चीर निघाली, तर जबाबदार कोण?" माझे सहकारी माझ्याकडं बघून हसले. "तुमच्या गावची दिसते," एकजण म्हणाला. मी मान हलवली. मला हसता आलं नाही. तिला असे प्रश्न पडायला कोणी लावले ते मला माहीत होतं.

घरी ती आईशी भरभरून बोलते. माझ्याशी कामापुरतं. मला ती अजून 'मॅडम'च म्हणते आणि मी कधी दुसरं काही म्हण म्हणून सांगितलेलं नाही. परवा हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, चाचणीत तिला कमी गुण मिळाले. संध्याकाळी जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती. मी चहा घेऊन गेले आणि मला न राहवून म्हणाले, "तुझं इथं येणं झालं, बरं झालं. मला फार वाटत होतं गं."

तिनं वर पाहिलं. "मॅडम, एक बोलू? तुमी हे माझ्यासाठी न्हाई केलात. तुमचं तुमाला झोंबत होतं म्हणून केलात."

आत आई कांदा चिरत होती, तिची सुरी थांबली.

"खरंय," मी म्हटलं.  चेहऱ्यावर रक्त चढत गेलं, तसंच कानापर्यंत, जसं त्या हॉलमध्ये चढलं होतं. ते कमी होईल अशी मी आता वाटही बघत नाही.

 तिनं पुस्तक माझ्याकडं फिरवलं आणि पेन्सिलीनं एका आकृतीवर टकटक केलं.

"चालंल," ती म्हणाली. "पण हे बघा. एका बाजूचा दाब गेला तर दुसऱ्या बाजूचा हितं कसा येतो, ते मला अजून समजलं न्हाई. नीट सांगा."

मी कप बाजूला ठेवला, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पंपापासून सांगायला सुरुवात केली.